पाडव्याच्या पानातला टार्ट

वैजापूरकरांच्या घरात पोळीला पोळी म्हणतात, करपलेल्या भाजीलासुद्धा भाजीच म्हणतात. पण मीनाक्षी ओव्हनमध्ये जे काही भाजते त्याला स्वयंपाक म्हणायचं की नाही, हे तिच्या लग्नापासून आजपर्यंत कुणी ठरवलेलं नाही. अनंतराव त्याला छंद म्हणतात. नवऱ्याला टपाल तिकिटं जमवायचा छंद असावा आणि बायकोला केक भाजायचा, यात वावगं काही नाही. फक्त टपाल तिकिटं कुणी जेवणानंतर दोनदा मागून घेत नाही.

मीनाक्षीचं माहेर गुलमंडीजवळचं. दिवाळीच्या आधी तिकडच्या घरोघरच्या बायका नानकटाईचं पीठ मळून, पितळी डब्यात घालून बेकरीत न्यायच्या. घरात भट्टी नव्हती, आणि तयार नानकटाई विकत आणणं म्हणजे तुपाच्या बाबतीत परक्यावर विश्वास टाकणं. तेव्हा तूप आपलं, मैदा आपला, हात आपले आणि भट्टी तेवढी दाऊदभाईंची. बायका बाकावर ओळीनं बसून आपापल्या पत्र्यावर डोळा ठेवत, कारण पत्रे अदलाबदल झाले की शेजारणीच्या डालड्याशी गाठ पडायची. म्हणून प्रत्येक घराची खूण असे. कुणी वर चारोळी दाबायचं, कुणी पिस्त्याचा काप. मीनाक्षीची आई चमच्याच्या दांड्यानं एक आडवी रेघ ओढायची. मीनाक्षी मात्र रेघेकडं न बघता भट्टीच्या तोंडाकडं बघत बसायची. पत्रा केव्हा आत सरकवायचा, केव्हा फिरवायचा, कडा कुठल्या रंगावर आल्या की ओढून काढायचा, हे तिनं तिथं शिकून घेतलं. शिकवलं कुणीच नाही. बघायला मनाई नव्हती, एवढंच.

दाऊदभाईंची मुलगी फहमिदा तिच्याच वयाची. बेकरीतली ती ओळख पुढं चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पक्की झाली. दोघी एकाच टेबलाशी नोकरीला लागल्या आणि एकाच टेबलावरून निवृत्त झाल्या. काम एकच: तपासल्याशिवाय माल दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. सिरपचा रंग, वास, दाटपणा. मीनाक्षी 'नाही' म्हणाली की फाटकाशी उभी असलेली गाडी तिथंच उभी राही, मग मालक का येईना. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र तिच्या 'नाही'ला दूधवाल्यापलीकडं कुणी भीक घालत नसे.

लग्नात तिनं काचेच्या झाकणाचा गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन आणला होता. सासऱ्यांनी तो गॅलरीत ठेवायला लावला. त्यात कधीतरी अंडं शिजलं असण्याची शक्यता त्यांना स्वयंपाकघरात नको होती. कंपनीच्या महिला मेळाव्यात तिच्या केकला पहिलं बक्षीस मिळालं, प्रेशर कुकर. घरात कौतुक झालं, कुकरचं. एकदा पाटबंधारे खात्यातले अनंतरावांचे साहेब जेवायला आले आणि तिची बिस्किटं खाऊन "वा!" म्हणाले. त्यावर अनंतरावांनी "बाहेरून मागवलीत" असं सांगून टाकलं. नंतर तिनं विचारलं, "असं का सांगितलंत?" अनंतराव म्हणाले, "अगं, घरचं म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं आपण खर्च केला नाही." बायकोची इभ्रत वाढवण्याचा हा प्रकार मीनाक्षीला अजून पुरता समजलेला नाही. तिनं समजून घेण्याचा प्रयत्नही आता सोडलाय.

मग अनंतरावांच्या हृदयात स्प्रिंग बसली. डॉक्टरांनी तूप, डालडा, तळण सगळं बंद केलं, आणि ज्या घरात गोड म्हणजे तूप आणि सण म्हणजे कढई, त्या घरात एकदम सुतक पडल्यासारखं झालं. तेव्हा फहमिदा म्हणाली, "मीना, जैतूनचं तेल वापरून बघ ना. आमच्याकडं अब्बा रोटीवर घालून खायचे."

जैतूनच्या, म्हणजे ऑलिव्ह तेलाची पहिली बाटली अनंतरावांनी न्हाणीघरात नेऊन ठेवली आणि दोन्ही गुडघ्यांना लावली. त्यांच्या माहितीप्रमाणे ते तेल औषधाच्या दुकानात मिळे, बारक्या पत्र्याच्या डबीत, आणि तान्ह्या मुलांच्या अंगाला चोळलं जाई. दुसरी बाटली मीनाक्षीनं कपाटात ठेवली. तिच्यातलं तेल घालून तिनं टार्टची पारी करून बघितली. या तेलाची पारी लाटता येत नाही, फाटते. साच्यात बोटांनी थापावी लागते, जिला थालीपीठ थापता येतं तिला जमते. थापून, वर कागद घालून, कागदावर वाळका राजमा भरून भाजायची म्हणजे मध्ये फुगत नाही. पहिली कडक झाली, दुसरी सुटली, आणि नंतरची कधीतरी अशी झाली की बोटानं मोडली तर हलकेच तुटावी आणि जिभेवर आधी खुसखुशीत, मागून किंचित हिरवट, तिखटसर लागावी. त्यात केशराचा चक्का, वर मोसंबीच्या सोललेल्या फोडी, दौलताबादकडच्या सीताफळाचा गर, डाळिंबाचे दाणे. फळांवर मोसंबीच्या रसाचा पातळ पाक ब्रशनं फिरवला की सगळं आरशासारखं चमकायचं. अनंतरावांनी एका बैठकीत निम्मा टार्ट संपवला आणि म्हणाले, "छंद बाकी चांगला आहे तुझा."

त्या दिवशी मीनाक्षीनं ठरवलं की या दिवाळीत पाडव्याच्या पानात गोड म्हणून हाच टार्ट येईल. बाजूला नाही, चहाबरोबर नाही, 'मुलांसाठी' म्हणून नाही. देवाच्या नैवेद्यात आणि सगळ्यांच्या पानात, जिथं आजवर श्रीखंड येत होतं तिथं. एकदा तिथं पोचला की तो स्वयंपाक. इतकंच तिला हवं होतं. ते जास्त आहे असं तिला वाटलं नव्हतं.

वसुबारसेला लासूर स्टेशनहून रत्नमालाअक्का आल्या. अनंतरावांच्या थोरल्या बहीण. दर दिवाळीला त्या माहेरी येतात. माहेर म्हणजे आता भावाचा चिकलठाण्याकडच्या नव्या इमारतीतला फ्लॅट. त्यात अक्कांचं बालपण गेलेलं नाही, पण माहेरपण भिंतींत थोडंच असतं? ते स्वयंपाकघरावरच्या हक्कात असतं, आणि तो त्या पिशवीतून बरोबर घेऊन येतात.

"पाडव्याला श्रीखंड-पुरीच ना?" आल्या आल्या अक्कांनी विचारलं.

"नाही वन्सं. ह्यांना तळलेलं बंद आहे. यंदा फळांचा टार्ट."

"कसला?"

"टार्ट. करंजीसारखी पारी असते, पण गोल आणि भाजलेली. आत चक्का, वर फळं."

"बरं, ते तू कर. तुझी मृण्मयी यायलीय ना पुण्याहून, खाईल बिचारी. पण पानात गोड काय?"

"हेच."

"आणि नैवेद्याला?"

"हेच."

अक्कांनी अनंतरावांकडं पाहिलं. अनंतरावांनी वर्तमानपत्राकडं पाहिलं. वर्तमानपत्रात पान भरून सोन्याची जाहिरात होती. ती ते अतिशय लक्षपूर्वक वाचू लागले.

"भट्टीतलं देवाला कसं चालंल, मीनाक्षी?"

"कढईतलं चालतं, तव्यावरचं चालतं, निखाऱ्यावरचा पापड चालतो. ओव्हननं काय घोडं मारलंय देवाचं?"

"आणि तेल ते मालिशचं. अनंता तान्हा होता तेव्हा सगळं अंग चोळलंय मी त्याचं त्या तेलानं."

"म्हणजे ह्यांना सवय आहे. मानवेल."

अनंतराव वर्तमानपत्राआड खोकले. अक्का हसल्या नाहीत, पण चिडल्याही नाहीत. त्या वाईट बाई नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की जगात प्रत्येक गोष्ट करायची एक रीत असते आणि सुदैवानं ती त्यांना माहीत आहे. थोडा विचार करून त्यांनी परवानगी दिली. तीही अशी की दिली कमी आणि बांधली जास्त.

"कर बाई. पण नैवेद्याचं म्हणतेस तर सोवळ्यात करायचं. आणि चव घ्यायची नाही."

"नाही घेणार."

"वास पण नाही. फुलाचा घेतो का आपण, वाहायच्या आधी?"

मीनाक्षी हो म्हणाली. ज्या बाईनं आयुष्यभर न तपासता एक बाटली फाटकाबाहेर सोडली नाही, तिनं न चाखता, न हुंगता अख्खा टार्ट करायचं कबूल केलं. पारी तिच्या हातात बसलेली होती, आणि तो पानात जाणार होता. ज्याला इतकी वर्षं दारात उभं केलेलं असतं त्याला आत घेताना कुणी अटी घातल्या तर तो त्या वाचत बसत नाही.

पाडव्याच्या सकाळी अनंतरावांना तेल-उटणं लावून, ओवाळून, मीनाक्षी पुन्हा न्हाली आणि सोवळ्याचं रेशमी पातळ नेसून ओट्याशी उभी राहिली. अक्का पाट टाकून दारात बसल्या. ओव्हन आधीच आतून-बाहेरून पुसून झाला होता. "यात कधी अंडं?" असं अक्कांनी विचारल्यावर मीनाक्षी म्हणाली होती, "हा नवा आहे." ते खोटं नव्हतं. दोन दिवाळ्यांपूर्वी तो नवा होता.

मैदा, थोडी कणीक, पिठीसाखर, चिमूट मीठ. कपाटातली हिरव्या काचेची बाटली काढून तिनं तेल ओतलं. नवी सवय अशी की तेलाचा थेंब आधी जिभेला लावायचा. तिचं बोट आपोआप वर गेलं.

"हं!" दारातून आवाज आला.

बोट खाली आलं. घरात आदल्या दिवसाच्या चकल्यांच्या तळणाचा, उटण्याचा आणि देवघरातल्या धुपाचा वास इतका दाटला होता की हुंगायचं ठरवूनही फारसं काही हाती लागलं नसतं. तिनं गार पाणी शिंपडून पीठ सैलसर गोळा केलं, साच्यात थापलं, राजमा भरला, भाजलं. रंग नेमका आला. सीताफळाच्या बिया काढणं हे काम ज्यांनी केलंय ते त्याविषयी बोलत नाहीत; मीनाक्षीही बोलली नाही. मोसंबीच्या एकेका फोडीचं पातळ साल सोलून तिनं त्या पाकळ्यांसारख्या मांडल्या, मध्ये सीताफळाचा गर, कडेनं डाळिंब, वर पाक.

"आई गं," मृण्मयी स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "हे तर दुकानातल्यासारखं झालंय."

"दुकानात असं नसतं," मीनाक्षी म्हणाली.

नैवेद्य वाढला. वरण-भात, भाजी, कोशिंबीर, चटणी, मीठ आणि गोडाच्या जागी टार्टचा त्रिकोणी तुकडा; उरलेला टार्टही शेजारीच देवापुढं ठेवला. अनंतरावांनी पाणी फिरवलं, डोळे मिटले. मीनाक्षीनंही मिटले. देवाकडं तिनं काय मागितलं ते सांगायला नको. जे मागायचं ते ताटात वाढलेलंच होतं.

पानं मांडली. घरची तिघं बसली, ती वाढायला. अनंतरावांनी भाताच्या आधी टार्टलाच हात घातला, आणि त्यांचा चेहरा देवळात घंटा वाजवायला हात वर करावा आणि घंटाच नसावी, तसा झाला. त्यांनी तो घास गिळला आणि वर पाणी प्यायले.

"कडू आहे," अक्का म्हणाल्या.

"कडू असं नाही," अनंतराव म्हणाले. "जरा... वेगळं आहे."

"आई," मृण्मयी हळूच म्हणाली, "जळकं लागतंय गं."

मीनाक्षीनं उभ्यानंच एक तुकडा तोंडात टाकला. मोसंबी छान होती. चक्का छान होता. आणि पारीतून जळक्या तेलाची कडवट, घशाला खरवडणारी चव वर येत होती. करपलेली नव्हती पारी, रंग तर सोनेरी होता. ती स्वयंपाकघरात गेली, हिरवी बाटली उघडली आणि आता देवाचं खाऊन झालेलं असल्यामुळे खुशाल हुंगली. मग वाटीत थोडं ओतून उजेडात धरलं. हिरवटपणा गेला होता. ती बाटली हातात घेऊन बाहेर आली.

"वन्सं, या तेलाला कुणी हात लावला होता?"

"मीच," अक्का म्हणाल्या. चोरी पकडली गेल्याचा चेहरा नव्हता तो. कुणीतरी एकदाचं विचारलं याचं समाधान होतं. "काल दुपारी तू रांगोळीत होतीस ना, तेव्हा. झाकण काढून बघितलं तर लई कच्चट वास. गवत कापल्यासारखा. म्हटलं, हे असं देवाला घालायचं? चांगलं धूर निघंस्तोवर तापवलं, गार केलं आणि परत बाटलीत भरून ठेवलं. थेंब सांडला नाही बघ. लोणच्याला नाही का आपण तेल तापवून गार करत?"

"मला सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय? पसारा आवरताना माणूस सांगून आवरतो का?"

"वन्सं, तो गवताचा वास म्हणजेच ते तेल. त्या वासासाठीच ते आणायचं असतं. तो जाळून टाकला तर राहिलं काय?"

"राहिलं काय म्हणजे? तेल राहिलं की."

लोणच्याच्या बाबतीत अक्का शंभर टक्के बरोबर होत्या. त्यांची लोणची कधी बुरसटली नव्हती. एका रीतीनं दुसऱ्या रीतीचा गळा धरला होता आणि धरणारा हात अगदी स्वच्छ धुतलेला होता. कदाचित मीनाक्षीनं विषय तिथंच सोडला असता. पण तेवढ्यात अनंतराव, सगळं मिटवावं या उदात्त हेतूनं, म्हणाले, "जाऊ दे गं. सणाचा दिवस आहे. पुढच्या वर्षी आपलं श्रीखंडच करू."

मीनाक्षीनं बाटली टेबलावर ठेवली.

"पुढच्या वर्षीचं आजच ठरलं?"

"तसं नाही..."

"श्रीखंड आंबट झालं होतं तुमच्या साठीला, तेव्हा म्हणालात, पुढच्या वर्षी श्रीखंड नको? पुऱ्या वातड झाल्या म्हणून कुणी पुऱ्यांना घराबाहेर काढलं? वन्संनी अनारसे केले, सगळे कढईत विरघळले. मी झाऱ्यानं चुरा काढत बसले तेलातून. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? 'अनारसे हसले' म्हणालात! वन्संचा अनारसा हसतो, आणि माझं काही बिघडलं की माझा छंदच बिघडलेला असतो!"

"अगं पण मी..."

"एकदा चुकायचा हक्कसुद्धा तुमच्या कढईला आहे, माझ्या ओव्हनला नाही. आणि चुकले तरी कुठं मी? ज्यांनी तेल जाळलं त्यांनीच मला दारात बसून सांगितलं, चाखू नको, हुंगू नको. कंपनीत कुणी असं सांगितलं असतं ना, तर त्याची चौकशी लागली असती!"

"देवाच्या रीतीला कंपनी लावू नको," अक्का म्हणाल्या.

"नाही लावत. देवाचीच रीत लावू." मीनाक्षीचा आवाज एकदम खाली आला. प्रयोगशाळेत हा आवाज आला की पोरं ड्रम उचलायची थांबत. "वन्सं, पानातला तुकडा बाजूला का सारलात?"

"कडू आहे म्हणून."

"नैवेद्य आहे. नैवेद्य टाकतात का?"

अक्कांचं तोंड पाहण्यासारखं झालं. नैवेद्याचं अन्न पानात टाकायचं नाही, हे त्यांनी या घरात येऊन जितक्यांदा सांगितलं होतं तितक्यांदा कुणी पाणीही मागितलं नसेल. त्यांनी भावाकडं पाहिलं. या वेळी वर्तमानपत्र जवळ नव्हतं.

"टाकत नाहीत," अक्का म्हणाल्या आणि खाऊ लागल्या. खोटेपणा त्यांच्यात नव्हता, एवढं मान्य केलं पाहिजे.

मीनाक्षीनं उरलेला टार्ट आणून टेबलावर ठेवला. तो सगळाच देवापुढं ठेवून झाला होता, तेव्हा सगळाच नैवेद्य. तिनं त्याचे सारखे तुकडे केले, अनंतरावांना वाढले, अक्कांना वाढले, स्वतःला वाढले. मृण्मयीनं ताट पुढं केलं तर म्हणाली, "तुला नको. तू खरं बोललीस." मग पदर खोचून बसली आणि तिघांनी मिळून, अधूनमधून पाणी पीत, तो टार्ट शेवटच्या डाळिंबाच्या दाण्यापर्यंत संपवला. अनंतरावांनी एकदा "कोलेस्ट्रॉलला चांगलं असतं ना हे?" असं विचारून पाहिलं. मृण्मयीनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

दुपारी फहमिदाचा फोन आला, दिवाळीच्या शुभेच्छांचा. मीनाक्षीनं सगळं सांगितलं.

"धूर निघेपर्यंत तापवलं? या अल्ला!" फहमिदा म्हणाली. "माझ्या सासूनं तर त्यात भजी तळली होती, मीना. मी ईदपर्यंत बोलले नव्हते त्यांच्याशी."

"मग?"

"मग काय, ईदला बोलावंच लागतं ना बाबा. ऐक, माझ्याकडं एक बाटली आहे, उघडलेली पण नाही. उद्या फराळाला येतेच आहे, घेऊन येते. पण करशील ना परत? का तू पण श्रीखंड?"

"तू बाटली आण," मीनाक्षी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मीनाक्षी रोजच्या गाऊनवर ओट्याशी उभी होती. सोवळ्याचं पातळ घडी करून कपाटात गेलं होतं. फहमिदा जेवणाच्या टेबलाशी बसून चकल्या मोडत होती. अक्कांनी पुन्हा पाट दारात टाकला. सवय मोडणं सोपं नसतं.

"तुमच्यात हे तेल कच्चंच खातात?" अक्कांनी फहमिदाला विचारलं.

"कच्चंच, अक्का. धूर काढला की रुसतं ते."

मीनाक्षीनं झाकणाचं सील फोडलं, बाटली नाकाशी नेऊन जोरात वास घेतला आणि तेलाचे दोन थेंब तळहातावर घेऊन चाटले. दारातून "हं!" आलं नाही. तिनं पीठ भिजवलं, चिमूटभर तोंडात टाकलं. पारी भाजून निघाली तेव्हा कडेचा एक कण मोडून खाल्ला. चक्क्यात बोट बुडवलं, मोसंबीची फोड खाल्ली, पाकाचा ब्रश चाटला. इतकं चाखायची खरं तर गरज नव्हती. पण काल जेवढं चाखायचं राहिलं होतं तेही ती आज वसूल करत होती.

"सगळं उष्टं झालं," अक्का म्हणाल्या.

"हो. झालं," मीनाक्षी म्हणाली. "हा देवाला नाही. माणसांना आहे. ज्यांना खायचाय ते खातील."

अनंतराव पाटावर बसले. अक्कांनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजनानं ओवाळलं आणि भावाच्या तोंडात गोड घालायला तबकात हात घातला. तबकात बेसनाचा लाडू नव्हता. टार्टचा तुकडा होता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. लाडवांचा डबा मीनाक्षीच्या पाठीमागं होता आणि मीनाक्षी हलली नाही.

"अक्का," अनंतराव म्हणाले, "तोच दे."

यात त्यांचं धैर्य किती आणि कालपासून घरात त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं याचा भाग किती, हे सांगता येणार नाही. पण म्हणाले खरे, आणि बायकोकडं न बघता म्हणाले, बहिणीकडं बघून. अक्कांनी तुकडा उचलला. पारी त्यांच्या बोटात हलकेच मोडली. त्यांनी तो भावाच्या तोंडात घातला. अनंतराव चावत राहिले, मग त्यांचे डोळे किंचित मिटले आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, तान्ह्या मुलासारखं.

"अजून?" अक्का म्हणाल्या. "अरे, ओवाळणीचा घास एकच असतो."

"पुढच्या पाडव्याला पानातच वाढ हा," अनंतराव मीनाक्षीला म्हणाले. "म्हणजे मोजावा लागणार नाही."

मीनाक्षीनं निरांजनाचं तबक उचलून बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांचं येणं एका वाक्यानं फिटत नसतं, आणि फिटलं असं तिला दाखवायचंही नव्हतं.

अक्कांच्या बोटांना चक्का आणि पारीचा चुरा लागला होता. त्यांनी तो पुसायला रुमाल शोधला, मिळाला नाही, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून बोट तोंडात घातलं. फहमिदाचं लक्ष होतं. मीनाक्षीचंही होतं. अक्का थोडा वेळ जीभ टाळूला लावून उभ्या राहिल्या, लोणच्याची फोड पारखताना राहतात तशा.

"मीठ जरा जास्त झालंय," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही झालं," मीनाक्षी म्हणाली. "मी चाखलंय."